दहावं क्रेडिट

विद्यापीठातल्या विषयनोंदणीला नोंदणी म्हणणारा माणूस एक तर कुलगुरू असणार, नाही तर बिनडोक. ती निव्वळ झुंबड असते. फरक एवढाच, की धक्काबुक्की प्रत्येक जण आपापल्या घरी बसून करतो आणि आपल्याला कोणी पाडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

वहिनी या झुंबडीत गेली कित्येक वर्षं तग धरून होती. घरात ती वहिनी, इस्पितळात सिस्टर आणि वर्गातल्या पोरांसाठी आँटी. खरं तर सिस्टरही ती नव्हतीच. तिचं काम रक्त काढायचं. सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, शीर चाचपायची, एका झटक्यात सुई आत घालायची आणि भरलेल्या नळ्यांवर नावं चिकटवून त्या आत पाठवायच्या. आत म्हणजे काचेच्या दारापलीकडे, जिथे त्या रक्ताची तपासणी होते. त्या दाराच्या आत बसायला पदवी लागते. नोकरी, घर आणि लेक सांभाळून, प्रत्येक सत्राला एखाद-दुसरा विषय करत वहिनी त्या पदवीकडे सरकत आली होती. आता दोनच विषय उरले होते. एक लेखी आणि एक सूक्ष्मदर्शकाचं प्रात्यक्षिक.

हे प्रात्यक्षिक याच सत्रात व्हायला हवं होतं. कारण विद्यापीठाने एक नियम काढून ठेवला होता. विषय पास झाल्याला सात वर्षं उलटली की त्याची क्रेडिट्स बाद. जणू वर्गात शिकलेलं कालच्या दुधासारखं नासतं. या सत्रात पदवी हातात पडली नाही, तर पहिल्या वर्षाचं रसायन आणि शरीरशास्त्र दोन्ही रद्द होणार होतं. ते रसायन तिने लेक पोटात असताना केलं होतं. पोट बाकात मावायचं नाही म्हणून ती आडवी बसून लिहायची, आणि दर तासाला दोनदा बाहेर जाऊन ओकून यायची. आता ते सगळं पुन्हा करायचं?

मग बाईने वेळेवर नोंदणी का नाही केली, असं कुणी विचारत असेल तर त्याला आधी सकाळच्या वॉर्डात पाठवा. शेवटच्या वर्षाच्या मुलांची नोंदणी सगळ्यांत आधी उघडते, भल्या सकाळी. त्याच वेळी वहिनीच्या समोर एक म्हातारे आजोबा हात पुढे करून बसले होते आणि त्यांची शीर काही केल्या सापडत नव्हती. आजोबांना म्हणायचं का, जरा थांबा, मी विषय घेऊन येते? ती मोकळी होऊन फोन उघडते तो प्रात्यक्षिकाच्या बाराच्या बारा जागा गेल्या होत्या. प्रयोगशाळेत बारा सूक्ष्मदर्शक, म्हणून जागाही बारा. वहिनीचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. मात्र पहिलं लागलं.

"पहिला नंबर म्हणजे मिळालंच की!" वर्गातल्या पोरी म्हणाल्या. "कोणी ना कोणी सोडतंच, आँटी."

आता धाकट्याबद्दल. धाकटा म्हणजे वहिनीचा दीर, सासूबाईंचं शेंडेफळ, त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. घरात त्याचा अभ्यास म्हणजे अभ्यास. तो पुस्तक घेऊन बसला की सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करायच्या. वहिनीचा अभ्यास म्हणजे, "अगं तेवढं वाचून होईपर्यंत भाजी टाकून घे." वाईट नव्हता पोरगा. वहिनीशी गुलुगुलु बोलायचा, तिच्या लेकीला खांद्यावर घेऊन फिरवायचा. पण आपलं काम दुसऱ्याने करून ठेवलेलं असतं, असाच त्याचा जन्मापासूनचा समज होता आणि आजवर कुणी तो खोडला नव्हता.

विद्यापीठातल्या पोरांची एक रीत होती. ज्यांची नोंदणी आधी उघडते ते मागच्यांसाठी जागा धरून ठेवायचे, आणि मागच्याची पाळी आली की दोघांनी फोनवर बोलून एकाने सोडायची, दुसऱ्याने झडप घालायची. त्याला पोरं म्हणायची रुमाल टाकणं. "वहिनी, संख्याशास्त्राच्या उदार मास्तरांच्या वर्गात माझ्यासाठी रुमाल टाका ना," धाकटा नोंदणीच्या आदल्या दिवशी म्हणाला होता. उदार मास्तर म्हणजे मार्क देताना ज्यांचा हात आखडत नाही ते. "तीनच क्रेडिट्सचा विषय आहे. तुम्हाला काय फरक पडतोय?"

"टाक गं," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं भलं होत असेल तर तुझ्या बापाचं काय जातंय?"

वहिनीने टाकला. नोकरी करणाऱ्यांना एका सत्रात नऊ क्रेडिट्स घेता येतात. तिचा लेखी विषय तीनचा, धाकट्याचा तीनचा. सहा झाले. यादीतलं प्रात्यक्षिक मोजत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यादीतलं मोजत नाहीत. मिळालेलं मोजतात. पण हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

विषय बदलायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी हात धुऊन डबा उघडता उघडता तिने विद्यापीठाची मेल सहज बघितली, आणि झाकण हातातच राहिलं. "यादीतील आपला क्रम आला असता क्रेडिट मर्यादेमुळे आपणांस वगळण्यात आले आहे." मेल परवाची होती. परवा कुणीतरी प्रात्यक्षिक सोडलं होतं, जागा तिच्या दारात आली होती आणि पुढच्या घरी निघून गेली होती. तिने डबा तसाच बंद केला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तडक विद्यापीठ गाठलं. डोकं खरंच दुखत होतं.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीला काच, आणि काचेला हनुवटीच्या खाली एक भोक. बोलायचं तर वाकावंच लागतं. ते कुणी मुद्दाम तसं केलं असेल तर त्याला माणसाची चांगलीच पारख होती. वहिनी वाकली.

"मॅडम, मी यादीत पहिली होते."

"होता ना," खिडकीतली बाई म्हणाली. "अजूनही आहात."

"मग माझी जागा दुसऱ्याला कशी दिलीत?"

"आम्ही कुणाला देत नाही हो, सिस्टम देते." बाईने संगणकाचा पडदा थोडा वळवला. "हे बघा. तुमची मर्यादा नऊ. नावावर सहा आहेत. प्रात्यक्षिक चारचं. सहा नि चार दहा. एकाने गेलं तुमचं."

"एकाने?"

"एकाने."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग यादीत नाव कशाला घेतलंत माझं? तेव्हाच सांगायचं, बाई, तुझी बेरीज बसणार नाही, उगाच उभी राहू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ तो पहिला नंबर बघतेय मी वेड्यासारखी!"

"यादीत उभं राहायला बेरीज लागत नाही, ताई. आत शिरायला लागते. सिस्टम वरून खाली बघते. पहिल्याचं बसलं नाही की दुसऱ्याला देऊन मोकळी. थांबत नाही कुणासाठी."

"माणूस असता तर एक फोन केला असता त्याने."

"माणूस असता तर तुमच्याआधी त्याच्या पुतण्याला जागा मिळाली असती," बाई म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग बाईलाच काय वाटलं कोण जाणे, ती भोकाजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ऐका. यादी आज संध्याकाळपर्यंत चालू आहे. तुमचा पहिला नंबर शाबूत आहे. तो दुसरा तीनचा विषय सोडा, आणि कोणी प्रात्यक्षिक सोडलं तर ते तुम्हालाच येणार. पण आधी तुम्ही मोकळ्या व्हा. आधी हं. नाही तर परत तेच. सोडू का इथूनच?"

आणि वहिनी म्हणाली, "थांबा."

का म्हणाली, याबद्दल नंतर तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की आपण वेगळ्या घालायची गरज नाही. तो तीनचा विषय तिचा नव्हता. दुसऱ्याची सांभाळायला दिलेली वस्तू न विचारता रस्त्यात कशी टाकायची? धाकट्याची जागा गेली तर घरात काय रामायण होईल, तेही डोळ्यांसमोर दिसत होतं. तिने त्याला तिथूनच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी ती घराकडे निघाली, पाय आपटत.

घरी पुढच्या खोलीत नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. घड्याळदुरुस्ती हा त्याचा धंदा, आणि भिंग लावलेलं असलं की त्याला बाकीचं जग दिसायचं नाही. सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. धाकटा जमिनीवर लोळत होता, कानात फोनची बोंडं घालून.

वहिनीने त्याच्या कानातलं एक बोंड ओढून काढलं. "भाऊजी, फोन का उचलत नाही? उदार मास्तरांचा वर्ग केव्हा घेताय माझ्याकडून? मला आत्ताच्या आत्ता सोडायचाय तो."

"तो होय?" धाकटा उठून बसला. "तो मी घेतच नाहीये, वहिनी. त्याने माझा शुक्रवार जातो. दुसऱ्या मास्तरांकडे घेतलं मी संख्याशास्त्र. गेल्याच आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात."

"सांगायचं राहूनच गेलं बघा."

म्हणजे ज्याच्यासाठी ती अडकून पडली होती त्याला ते नकोच होतं. जागेवर रुमाल तिचा, आणि ज्याच्यासाठी टाकला तो गाडीतच चढला नव्हता.

"आणि एक गंमत सांगायचीये तुम्हाला," तिचा चेहरा न बघताच धाकटा म्हणाला. "तुम्ही त्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रात्यक्षिकाचं एवढं कौतुक सांगायचात ना, म्हणून मीही यादीत नाव टाकून ठेवलं होतं. कुठल्याही वर्षाला घेता येतं ते. म्हटलं, नाव टाकायला काय जातंय. तुमच्याच मागे, दुसरा. आणि परवा चक्क लागलं की मला! म्हटलं आता दीर-भावजय एकाच टेबलावर."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "लागलं? बघ, म्हटलं नव्हतं मी, पोराचं नशीबच तसं आहे."

वहिनी म्हणाली, "ती माझी जागा होती."

"अं?"

"ती माझी जागा होती! तुझ्या त्या उदार मास्तरामुळे माझी बेरीज एकाने वर गेली, म्हणून मला डावलून तुला दिली ती. तुझं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंस आणि माझ्याच डोक्यावरून उडी मारून पुढे गेलास!"

लग्न होऊन आल्यापासून तिने धाकट्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. नवऱ्याने भिंग काढलं. सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली.

"मला काय माहीत?" धाकटा म्हणाला. "मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम करायला डोकं लागतं! एक वाक्य बोलायचं होतं तुला, वहिनी, मला तो वर्ग नको. एक वाक्य. दिवसभर तोंड चालू असतं तुझं, तेवढं एक वाक्य नाही निघालं त्यातून? तुला ते प्रात्यक्षिक कशाला हवंय? नाव टाकायला काय जातंय म्हणून! माझी सात वर्षं त्याच्यावर टांगलीयेत. पोटुशी असताना वर्ग केले मी. लेक तापाने फणफणलेली असताना परीक्षा दिल्या. त्या काचेच्या दारावर नळ्या देऊन देऊन हात झिजले माझे, एकदा आत बसायचंय मला, एकदा!"

"आवाज खाली आण," नवरा म्हणाला. "मुलगी शाळेतून येईल आता."

"नाही आणत. सात वर्षं खालीच होता."

"अगं, पण पोराला लागलंय तर राहू दे ना," सासूबाई म्हणाल्या. "तू पुढच्या वर्षी कर. तुला कुठे घाई आहे? नोकरी तर आहेच."

वहिनी आत गेली, टेबलावरचा जुना लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं. हे खटारं सुरू व्हायला जीव खाणार हे तिला माहीत होतं. फोनवरून करावं, तर फोन पिशवीत, पिशवी बाहेर. ती उठणार, एवढ्यात धाकटा फोन हातात घेऊन दारात आला. कान लाल झाले होते त्याचे.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "एवढ्यावरून एवढं बोलायचं मला? आईसमोर? नकोय मला ते तुमचं प्रात्यक्षिक. घ्या!"

"भाऊजी, थांबा! आधी मला—"

"घ्या म्हटलं ना! हे बघा, सोडलं. झालं समाधान?" आणि त्याने अंगठा दाबला, आणि फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर हिरवी खूण आली होती.

लॅपटॉप एकदाचा सुरू झाला. तिने परवलीचा शब्द टाकला, चुकला, पुन्हा टाकला. मग नोंदणीचं पान उघडलं. प्रात्यक्षिक: जागा बारा, भरलेल्या बारा. प्रतीक्षा यादीत तिचा क्रम पहिला. जागा आली होती. तिच्या दारात क्षणभर थांबलीही नव्हती. सहा नि चार दहा. सिस्टम पुढच्याला देऊन मोकळी झाली होती.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "दिलंन् ना गं त्याने? स्वतःचं सोडून दिलंन्. आता तरी शांत हो. आणि दोन शब्द बरे बोल त्याच्याशी, लहान आहे तो."

"खरंच," नवरा दारात येऊन म्हणाला. "चूक झाली असेल त्याची, पण भरून दिली ना त्याने?"

धाकटा पडद्याकडे बघत होता. बारापैकी बारा. बिनडोक नव्हता तो. मघाशी वहिनी ओरडून सांगत होती ती बेरीज आत्ता त्याच्या डोक्यात शिरली. त्याचा चेहरा उतरत गेला. वहिनीने तो उतरताना पाहिला, आणि तिला वाटलं, आता हा सांगेल. धाकटा वळला. "जाऊ दे ना, आई," तो हळूच म्हणाला. "वहिनींना वाईट वाटलंय. मी काही मनावर घेतलेलं नाही."

मनावर घेतलेलं नाही! आत्तापर्यंतचा संताप संतापच नव्हता असं वाटावं, इतका आता तिच्या अंगात भरला. पण आवाज मात्र चढला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "सांगा त्यांना."

"काय?"

"आत्ता तुम्हाला जे कळलं ते. दोघांना. माझ्यासमोर."

धाकट्याने दादाकडे बघितलं, आईकडे बघितलं. कुणीच सोडवायला आलं नाही, कारण कुणालाच कळत नव्हतं. "मी सोडलं," तो म्हणाला. "पण वहिनींनी आधी त्यांचा विषय कमी करायला हवा होता. तो व्हायच्या आत मी सोडलं. म्हणून ते... त्यांना नाही मिळालं."

"मग कुणाला मिळालं?" सासूबाईंनी विचारलं.

"यादीत पुढे जो असेल त्याला. कुणालाही."

"आणि परत मागितलं तर?"

"नाही मिळत."

"म्हणजे तुलाही नाही आणि तिलाही नाही?" सासूबाई हातातली चादर घेऊन खोलीत आल्या. "कोण कुठला तिसराच? आणि ती थांब म्हणत होती ना तुला? मी ऐकलं. थांब म्हणाली ती."

धाकट्याने मान खाली घातली.

वहिनीने उदार मास्तरांचा वर्ग सोडला. एका बोटाचं काम. तीन क्रेडिट्स खाली गेली, आता सगळ्या बेरजा बसत होत्या. तिने कोरडे डोळे दोनदा पुसले. प्रात्यक्षिकाच्या यादीतला पहिला नंबर तसाच ठेवला, पण संध्याकाळ व्हायला फारसा अवकाश नव्हता, आणि मिळालेली जागा कुणी शेवटच्या दिवशी सोडत नाही. मग तिने पहिल्या वर्षाचं पान उघडलं. रसायन, दोनच क्रेडिट्सचं. इथे झुंबड नव्हती, यादी नव्हती. जागा शिल्लक, हव्या तेवढ्या.

"हे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"जुनं या सत्रानंतर बाद होणार. एवीतेवी पुन्हा करायचंच आहे, तर आत्ताच सुरू करते."

"रसायन?" सासूबाई म्हणाल्या. "ते तू आपली पोर पोटात असताना केलं होतंस ना? भिंतीला धरून जिना चढायचीस. मीच म्हणायचे, कशाला हा हट्ट."

"तेच."

"ते परत?"

"परत. मग शरीरशास्त्र. मग हे प्रात्यक्षिक, लागलं तर."

सासूबाई काही वेळ बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या. धाकट्याच्या अभ्यासाचा सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. तो केव्हा सुटणार, त्याचा फोटो कुठे लावायचा, सगळं ठरलेलं होतं.

"म्हणजे हा तुझ्याआधी पदवीधर होणार," त्या म्हणाल्या. एरवी हे वाक्य त्यांनी पेढे वाटावेत तसं वाटलं असतं. आज त्यांचा आवाज पडला होता, आणि त्या मुलाकडे बघत नव्हत्या.

"हो," वहिनी म्हणाली, आणि तिने रसायन घेतलं.

"वहिनी," धाकटा दारातून म्हणाला, "मी उद्या विभागप्रमुखांना भेटतो. त्यांना सगळं सांगतो. मी..."

"काही करू नका, भाऊजी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझ्यासाठी आता काही म्हणजे काही करू नका. जा तुम्ही इथून."

तो गेला. सासूबाई मात्र चादर पोटाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या, आणि वहिनीने त्यांना बसा म्हटलं नाही.